स्टेशनातली लांबची वाट

९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार, आणि त्यापुढे पत्रात जे जे लिहायची पद्धत आहे ते सगळं लिहिलं असं समज.

भाचेबुवांचा फोन आला होता. तू त्याच्याकडे महिनाभर राहायला येते आहेस हे त्याच्याकडून कळलं. विमानतळावरून गाडीनं आमच्या शहरात येणार, इथल्या मोठ्या स्टेशनात गाडी बदलणार आणि पुढे त्याच्या गावी जाणार. तुझा निरोपही त्यानं शब्दाला शब्द सांगितला: "धाकटी त्याच स्टेशनात काम करते ना? तिला म्हणावं, मला फक्त रस्ता लिहून पाठव. भेटायला वगैरे यायची गरज नाही." मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, आत्या, फोन करू नकोस, ती उचलणार नाही, पत्र लिही, पत्र ती वाचते. पोरगं शहाणं झालंय.

तर रस्ता. आधी एक लक्षात ठेव, गाडी थांबली की लगेच उतरायची घाई करू नकोस. इथे लोक उतरतात ते घरी दूध उतू जात असल्यासारखे. त्यांना जाऊ दे, मग उतर. फलाटाच्या तोंडाशी काचेची फाटकं आहेत. तिकीट फटीत घातलं की पलीकडून बाहेर येतं आणि दार उघडतं. ते तिकीट परत घ्यायचं. दार उघडल्याच्या आनंदात निम्मे लोक ते तिथेच सोडून जातात.

मग मोठा हॉल लागेल. छत इतकं उंच आहे की आपल्याकडची दोन मजली घरं आत मावतील. तिथे वर बघू नकोस. वरच्या पाट्यांवरची अक्षरं सारखी बदलत असतात, बघून गरगरायला होतं आणि आपल्या कामाचं काही सापडत नाही. खाली बघ. जमिनीवर उंचवटे असलेली पिवळी पट्टी आहे. ती अंध माणसांसाठी असते, पण मी नवीन होते तेव्हा मीही तिच्यावरूनच चालायचे. तुला तर ती आवडेलच, मशीनवर पक्क्या हातानं मारलेल्या टिपेसारखी सरळ जाते. तीच धर.

पट्टी घड्याळाखालून जाते. तिथे थांबू नकोस, अख्खं शहर तिथे कुणाची ना कुणाची वाट बघत असतं आणि म्हणून तिथे कुणालाच कुणी सापडत नाही. पुढे फुलांचं दुकान. तिथली बाई बादल्यांवर ओरडत असते, तुझ्यावर नाही, घाबरू नकोस. मग जिना खाली जातो. सरकता आहे, त्यावर निऱ्या सांभाळ, नाहीतर शेजारचा साधा जिना घे. खाली पावाचा वास येईल. तिथून अरुंद बोळ, दोन्हीकडे छोटी छोटी दुकानं. घड्याळवाला, औषधवाला, आणि त्याच्या पुढे एक कपाटाएवढं दुकान, त्यात एक गृहस्थ बुटांना टाचा ठोकत असतात नाहीतर किल्ल्या कापत असतात, आणि एक बाई मशीनवर बसलेली असते. प्रवाशांच्या बॅगांच्या चेनी, तुटलेले पट्टे, उसवलेले खिसे ती बसल्या बैठकीला करून देते. तिच्याकडे बघायची सक्ती नाही.

त्या दुकानावरून पुढे गेलं की जिना वर जातो, आणि वर तुझी दुसरी गाडी. स्टेशन मोठं आहे, तेव्हा वळणं घ्यावीच लागतात. मध्ये वेळ भरपूर आहे.

तुझी,
धाकटी


२३ मार्च

ती. ताईस,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, ओळीला चिकटून, इकडे तिकडे न बघणारं. मजकूरही तसाच: "भाच्यानं नकाशा पाठवला. फाटकाबाहेर समोरचाच जिना उतरून पलीकडे चढलं की दुसरी गाडी लागते. तुझा रस्ता कुणाच्या सोयीचा आहे?"

आता काय सांगू. माझ्या सोयीचा आहे. सगळ्या स्टेशनला वळसा घालून तुला माझ्या दुकानावरून न्यायचा माझा बेत होता आणि तू तो घरी बसल्या बसल्या पकडलास. कार्ड वाचून हे इतके हसले की हातातली किल्ली वाकडी कापली गेली. "तुझ्या ताईंना माप चुकलेलं लगेच कळतं," म्हणाले.

त्यांना ठाऊक असणारच. त्यांचं माप तूच घेतलं होतंस. इथून सुट्टीवर आले होते आणि कोटाचं अस्तर बदलायला आपल्या दुकानात आले, तेव्हा मी फक्त वहीत आकडे लिहीत होते. ते दुसऱ्यांदा आले तेव्हा कोटाला काहीही झालेलं नव्हतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, आता या माणसाला एकतर नवा कोट शिवून दे नाहीतर जा त्याच्याबरोबर. मी गेले. चाळिशी उलटल्यावर लग्न केलं, आणि त्या दिवशी तू दुकान नेहमीसारखं उघडं ठेवलंस. नोंदणी कचेरीत माझ्या बाजूनं सही करायला समोरची इस्त्रीवाली आली होती. याबद्दल मी तुला काही बोलले नाही, तू मला काही बोलली नाहीस, आणि न बोलता बोलता इतकी वर्षं गेली.

मी उगाच उकरून काढत नाही. आज आईची आठवण आली म्हणून लिहिते. अस्तराचं कापड आणायला ती आपल्या दोघींना ठोक बाजारात न्यायची, आणि निघण्याआधी उंबऱ्यातच बजावायची: चुकामूक झाली तर धाकटीनं जिथे आहे तिथे उभं राहायचं, हलायचं नाही. थोरलीनं शोधायचं. दोघी शोधायला लागल्या तर दोघी हरवाल. मी दर वेळी चुकायचे. लाल अस्तराच्या ताग्याला पाठ लावून उभी राहायचे आणि गर्दीतून तू यायचीस. पाठीत एक धपाटा घालायचीस, हात धरायचीस आणि चालायला लागायचीस. तुझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. मला वाटायचं, ताईला भीती अशी वाटतच नाही.

तर असं करू. तू समोरच्या जिन्यानंच जा. मी फलाटाच्या तोंडाशी, काचेच्या फाटकाबाहेर उभी असेन, फक्त बॅग उचलायला. बोललंच पाहिजे असं नाही. नको असेल तर तसं कळव. काही कळवलं नाहीस तर हो समजेन. माझ्या सोयीचंच आहे हेही, पण निदान आधी सांगून करते आहे.

तुझी,
धाकटी


१८ एप्रिल

ती. ताईस,

सुखरूप पोचलीस आणि भाच्याच्या घरातले सगळे पडदे उतरवून पुन्हा तुरपायला घेतलेस हे त्याच्याकडून कळलं. त्याची बायको म्हणे खूश आहे. तो म्हणाला, तीच खुशीनं करते आहे, आम्ही सांगितलं नाही. मी म्हटलं, तिला सांगितलं असतंत तर तिनं केलं नसतं.

त्या दिवशी तू पहिलं वाक्य बोललीस ते, "इतका वेळ कुठे होतीस?" मी म्हटलं, गर्दी होती. गर्दी नव्हती. काय झालं ते तुला तिथे सांगता आलं नाही, इथे सांगते.

मी बरीच आधी येऊन उभी होते. तू काही कळवलं नव्हतंस, म्हणजे हो होतं. यांनी सकाळी बूट पुसून दिले होते, म्हणाले, ताई आधी पायाकडे बघतील. गाडी यायच्या जरा आधी घोषणा झाली की फलाट बदलला. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाचा फलाट. मी रोज या घोषणा ऐकते, मला ती नीट कळली. तुला ती कळणार नाही हेही कळलं. आणि तरी माझे पाय हलेनात. चुकामूक झाली, आता आपण हलायचं नाही, ताई येईल, एवढंच डोक्यात. एवढी मोठी बाई, ज्या स्टेशनात रोज डबा खाते त्याच स्टेशनात खांबाला पाठ लावून उभी राहिले.

तू आली नाहीस. त्या गाडीची माणसं हॉलमधून गेली, हॉल जरा मोकळा झाला, पुन्हा भरला. तू कुठे दिसली नाहीस. मग माझ्या पोटात असा गोळा आला की विचारू नकोस. तुला इथली भाषा येत नाही, तुझा फोन बॅटरी संपू नये म्हणून बंद करून बॅगेच्या तळाशी, आणि तू माझ्यावर विसंबून उतरलेली. मी पळत सुटले. आधी घड्याळाखाली गेले, तिथे कुणी कुणाला सापडत नाही हे मीच तुला लिहिलं होतं तरी. पांढऱ्या केसांची दिसेल ती बाई मला तू वाटायची. एकीचा तर मी हातच धरला. फुलवालीला विचारलं, माझी बहीण बघितलीस का. ती म्हणाली, कशी दिसते? आणि ताई, इतक्या वर्षांत तू कशी झाली असशील ते मला सांगता येईना. माझ्या तोंडून निघालं, "रागावलेली." तिनं मान हलवली आणि बादल्या सोडून माझ्याबरोबर शोधायला निघाली.

मग शेवटच्या फलाटाच्या पार टोकाला तू दिसलीस. गाडी केव्हाच निघून गेली होती. ज्या जागी तुझ्या डब्याचं दार होतं त्या जागी तू उभी होतीस, आईनं शिकवल्यासारखी बॅग दोन पायांच्या मध्ये धरून. एवढ्या लांबलचक रिकाम्या फलाटावर एकटी. मी म्हटलं, अगं, बाहेर का नाही आलीस? तू म्हणालीस, "मला इथलं काय कळतंय? इथली थोरली तू. म्हणून मी हलले नाही."

म्हणजे दोघीही उभ्याच होतो. आईनं ही शक्यता काही धरली नव्हती.

बाकावर बसल्यावर तू माझ्या कपाळावरचा घाम तुझ्या पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "आता कळलं, शोधणारीच्या पोटात काय होतं ते?" मला कळलं होतं. तुझा तो कोरा चेहरा आणि पाठीतला धपाटा, सगळं एकदम कळलं. पण मला रागही आला, म्हणून मी विचारून टाकलं, मग एवढी वर्षं मला शोधायला का नाही आलीस. तू जराही आवाज चढवला नाहीस.

"चुकलेल्याला शोधतात. तू चुकली नव्हतीस. तू गेली होतीस."

तेवढ्यात तुझी गाडी लागली. डब्यात चढताना तू म्हणालीस, त्या गृहस्थांना नमस्कार सांग. मी सांगितला. ते म्हणाले, गृहस्थ तर गृहस्थ, नमस्कार तर आला.

तुझ्या त्या वाक्याचं उत्तर राहिलं होतं. आता देते. गेले होते हे खरं. त्याचं मला वाईट वाटत नाही, मी इथे सुखात आहे, आणि हे तुला कळावं असं मला फार वाटतं. पण गेलेल्या माणसालाही आपल्याला बघायला कुणी यावं असं वाटतं, ताई. आपण कुठे बसतो, मशीन कसलं आहे, उजेड कुठून येतो, ज्याच्याबरोबर आलो तो नीट वागवतो का, हे आपल्या माणसानं एकदा डोळ्यांनी बघावं असं वाटतं. लांबची वाट मी त्यासाठी लिहिली होती. दुसरं काही नव्हतं.

परतीला याच स्टेशनातून जाशील. गाडी कुठल्याही फलाटावर लागू दे. तू डब्याच्या दाराशी उभी राहा. मी येते. दुकानात ये असं म्हणत नाही.

तुझी,
धाकटी


२० मे

ती. ताईस,

घरी पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. आपलं दुकान उघडून झाडलोटही झाली असेल एव्हाना. गिऱ्हाइकांनी महिनाभराचं साचवून ठेवलं असणार.

त्या दिवशी तू आमच्या दुकानात आरामात बसली होतीस तेव्हा मी काय करत होते हे तुला सांगायचं राहिलं. तू विचारलं नाहीस, कारण माझा अवतार बघून तुला कळलं असावं. पण तू हसलीस ते पुरतं कळून हसलीस का, म्हणून लिहिते.

या वेळी फलाट बदलला नव्हता, गाडी वेळेवर होती आणि मी सगळ्यांत पुढच्या डब्यापाशी उभी होते, कारण भाच्यानं स्वतः तुला तिथे बसवलं होतं. सगळे उतरले. तू नाही. मी डब्यात चढून बघितलं, तुझ्या जागेवर एक आजोबा झोपले होते, त्यांना उठवलं आणि तेवढा तरी एक उपकार माझ्या हातून झाला, त्यांना तिथेच उतरायचं होतं. मग भाच्याला फोन. तो म्हणाला, अगं मीच चढवलं तिला. मग चौकशीची खिडकी, प्रतीक्षागृह, बायकांच्या प्रसाधनगृहात दार वाजवून वाजवून "ताई" म्हणून हाका. आतून कुणीतरी हो म्हटलं, ते कशाला हे देवाला ठाऊक. मनात नको नको ते येऊन गेलं. रागानं तू पुढच्याच गाडीत बसून गेलीस, माझं पत्र तुला बोचलं, मी परत एकदा जास्त बोलले. शेवटी यांना बोलवावं, दोघांनी शोधावं म्हणून मी बोळात शिरले.

आणि बघते तर हे दुकानाबाहेर दोन्ही हात पसरून उभे, आणि तू त्यांच्या छातीला टेप लावते आहेस. माझी टेप. माझ्या स्टुलावर तुझी पर्स, माझ्या मशीनवर कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा, टीप मारून पूर्ण झालेला. ते गिऱ्हाईक तुझे आभार मानत होतं आणि तू त्याला आपल्या भाषेत सांगत होतीस की इतकं ओझं घालू नये.

मला बघून तू यांना नाही, मलाच म्हणालीस, "छाती तेवढीच आहे. पोट वाढलंय. जेवायला नीट घालतेस वाटतं." हे हात पसरून तसेच उभे, खाली घ्यायची परवानगी मिळाली नव्हती.

मला धाप लागली होती. मी म्हटलं, मी तुला सगळीकडे शोधतेय, तुला दाराशी उभी राहा म्हणून लिहिलं होतं. तर तू टेप गुंडाळत म्हणालीस,

"शोधायचं काम माझं. थोरली मी आहे. उगाच माझी कामं करू नकोस."

मग पर्समधून माझं पहिलं पत्र काढलंस. घड्या पडून पडून मऊ झालं होतं. डब्याच्या दुसऱ्या दारानं उतरून यावरूनच आले, म्हणालीस, रस्ता लांबचा आहे पण बरोबर लिहिलास, फक्त फुलवालीचं चुकलंय, ती बादल्यांवर ओरडत नाही, मागे बसलेल्या नवऱ्यावर ओरडते. मी एवढी वर्षं तिथून जाते आहे, मला तो नवरा कधी दिसलाच नव्हता. मी काही बोलायला गेले तर रडायलाच आलं. तू मला रडू दिलंस, आणि तेवढ्यात मशीनखाली वाकून बघितलंस, पट्टा सैल आहे म्हणालीस. तो सैलच होता. उजेडाचंही बघितलंस. डावीकडून येतो, बरा आहे, असं म्हणालीस, आणि तुझ्याकडून बरा म्हणजे काय हे मला माहीत आहे.

तू शिवणार असलेल्या जाकिटाचं कापड तिकडेच घेणार आहेस हे यांनी चार लोकांना सांगून झालंय. हळूच मला विचारत होते की ताई मला काय म्हणून हाक मारतील आता. मी म्हटलं, गृहस्थच म्हणतील, पण आता ते घरातलं झालं.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. तुझी विमानतळाची गाडी पकडायला आपण निघालो तेव्हा मी बॅग घेऊन जवळच्या जिन्याकडे वळले, आणि तू माझं कोपर धरून मला पिवळ्या पट्टीवर आणलंस. "लांबच्या वाटेनं चल," म्हणालीस, "वेळ आहे." आपण घड्याळाखालून गेलो, तिथे तू मुद्दाम थांबून सगळ्यांकडे बघून घेतलंस. मग फुलवालीच्या दुकानाशी तिनं मला हाक मारली, तुझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि तुझ्या हातात एक फूल दिलं. तू विचारलंस, काय म्हणतेय गं ती? मी म्हटलं, काही नाही, चल. तिथे सांगितलं असतं तर तू लगेच चेहरा बदलला असतास.

ती म्हणत होती, ही तुझी दुसरी बहीण वाटतं, ही तर रागावलेली नाही.

तुझी,
धाकटी